लक्षणसमुच्चय ओळखणारे सॉफ्टवेअर आणि पारंपरिक चिनी वैद्यक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात अॅक्युपंक्चर शिकणारे विद्यार्थी, चिनी वैद्यकाबद्दल जिज्ञासा असणारे आयुर्वेदाचे वैद्य आणि मोबाइलवरील अॅपने दिलेला निष्कर्ष घेऊन येणारे रुग्ण आम्हाला साधारण सारखेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तेथे थोडक्यात सांगितल्याने गैरसमज वाढतो असा अनुभव आहे.

हे सॉफ्टवेअर नेमके काय करते?

चिनी वैद्यकात रुग्णाची तपासणी चार मार्गांनी होते: पाहणे, ऐकणे व वास घेणे, विचारणे, आणि नाडीसह शरीर चाचपणे. या चारही मार्गांनी मिळालेल्या माहितीची सांगड घालून रुग्ण या घडीला कोणत्या लक्षणसमुच्चयात बसतो हे ठरवले जाते आणि त्यावरून उपचार ठरतो. या विवेचनाला चिनी भाषेत ‘बियान झेंग’ म्हणतात. सॉफ्टवेअर यातील फक्त सांगड घालण्याचे काम करते. आपण भरलेली लक्षणे ते स्वतःजवळ साठवलेल्या समुच्चयांशी ताडून पाहते आणि कोणते समुच्चय संभवतात ते क्रमाने दाखवते. चांगले सॉफ्टवेअर याहून एक पाऊल पुढे जाते. दोन समुच्चय जवळजवळ आले, तर त्यांना वेगळे करू शकेल असा न विचारलेला प्रश्न ते सुचवते. आमच्या मते या साधनाची खरी किंमत या सुचवण्यातच आहे. क्रमवारी ही त्यामानाने दुय्यम गोष्ट आहे.

लक्षणसमुच्चय म्हणजे रोगाचेच दुसरे नाव का?

नाही. एकाच रोगाच्या दोन रुग्णांत दोन वेगळे समुच्चय असू शकतात आणि त्यांचे उपचारही वेगळे होतात. उलट, दोन वेगळ्या रोगांत एकच समुच्चय आढळला तर उपचार सारखा होऊ शकतो. समुच्चय मांडण्याच्या पद्धतीही अनेक आहेत. सर्वांत व्यापक मांडणी यिन व यांग (शरीरातील शांत, शीत बाजू आणि सक्रिय, उष्ण बाजू), आत व बाहेर, शीत व उष्ण, क्षीण व प्रबळ या आठ तत्त्वांची आहे. बाहेरून आलेल्या तापाच्या विकारांसाठी झांग झोंगजिंग यांनी इसवी सन 200 च्या सुमारास सहा अवस्था मांडल्या, तर अठराव्या शतकात ये तियानशी यांनी उष्ण ज्वरांसाठी चार स्तरांची वेगळी मांडणी केली. जुनाट विकारांत मात्र अवयवांनुसार केलेले विवेचन जास्त वापरले जाते. सॉफ्टवेअर यांपैकी कोणती मांडणी वापरते हे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले नसेल, तर त्याचा निष्कर्ष तपासण्यास काही आधारच उरत नाही.

अहवालात ‘मूत्रपिंड यांग क्षीण’ असे लिहून आले आहे. किडनी निकामी होत आहे का?

हा प्रश्न रुग्ण फार घाबरून विचारतात, म्हणून स्पष्ट सांगतो: या शब्दांवरून किडनीच्या आजाराबद्दल काहीही सिद्ध होत नाही. चिनी वैद्यकात मूत्रपिंड, प्लीहा, यकृत ही नावे शरीरातील कार्यांच्या गटांना दिलेली आहेत. ‘मूत्रपिंड’ या गटात वाढ, प्रजनन, कंबर व गुडघे यांचे बळ आणि शरीराची मूळ ऊब येते. ‘प्लीहा’ या गटात मुख्यतः पचन येते. किडनीचे काम कसे चालले आहे हे रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीची तपासणी सांगते, आणि शंका असेल तर ती तपासणी करून घ्यावी. याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. अॅपच्या अहवालात मूत्रपिंडाचा उल्लेख आला नाही म्हणून किडनी निरोगी आहे, असाही अर्थ निघत नाही. रुग्णाच्या हाती असा छापील अहवाल देताना वैद्याने त्यावर दोन ओळी मराठीत लिहून द्याव्यात, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

सॉफ्टवेअरच्या आत हिशेब कसा चालतो?

सर्वांत जुनी रीत नियमांची आहे. एखाद्या अनुभवी वैद्याला विचारून ‘हे लक्षण असेल तर या समुच्चयाचे पारडे इतके जड’ असे नियम लिहून काढायचे आणि संगणकाने त्यांची बेरीज करायची. बीजिंगमधील यकृतविकारांचे ज्येष्ठ वैद्य गुआन यूबो यांच्या अनुभवावर आधारित असा संगणकीय कार्यक्रम 1970 च्या दशकाच्या अखेरीस तयार झाला आणि त्यानंतर चीनमध्ये अशा अनेक प्रणाली निघाल्या. या रीतीचा मोठा गुण म्हणजे निष्कर्ष का निघाला हे ओळीने वाचता येते. तिचा दोष असा की ती एका वैद्याच्या किंवा एका परंपरेच्या बाहेर जात नाही.

दुसरी रीत संख्याशास्त्राची आहे. हजारो नोंदींतून कोणती लक्षणे एकत्र येतात हे संगणक स्वतः शोधतो. येथे एक अडचण आहे, जी विक्रेते क्वचितच सांगतात. वैद्याने केसपेपर लिहिला तेव्हा त्याच्या मनात समुच्चय बहुधा आधीच ठरलेला होता. साहजिकच त्याला जुळणारी लक्षणे सविस्तर लिहिली गेली आणि न जुळणारी गळली. अशा नोंदींवर शिकलेले यंत्र त्याच प्रकारच्या नोंदींवर तपासले, तर ते फार अचूक दिसते. प्रत्यक्षात ते केसपेपर वाचायला शिकलेले असते आणि समोर बसलेला रुग्ण त्या केसपेपरइतका सुबक नसतो.

तिसरी आणि अलीकडची रीत मोठ्या भाषाप्रारूपांची, म्हणजे चॅटबॉटची आहे. तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

एखादे उदाहरण दाखवता येईल का?

समजा, चाळिशीतील एक गृहस्थ काही महिन्यांपासून पातळ शौचास होते म्हणून आले आहेत. त्यांना थकवा आहे, भूक मंद आहे, पोट फुगते. एवढीच माहिती भरली तर जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअर ‘प्लीहा-ची क्षीण’ (‘ची’ हा चिनी शब्द, म्हणजे जीवनशक्ती) हा समुच्चय सर्वांत वर दाखवील, आणि घाईत असलेला वैद्य तेथेच थांबेल.

आता एकेक प्रश्न वाढवू. शौचास केव्हा होते? जेवणानंतर लगेच होत असेल आणि जिभेच्या कडांवर दातांचे ठसे असतील, तर पहिला निष्कर्ष बळकट होतो. पहाटे, उजाडण्यापूर्वी, पोटात गुरगुरून जावे लागत असेल, कंबर व पाय गार पडत असतील, तर पारडे ‘मूत्रपिंड यांग क्षीण’कडे झुकते. ऑफिसात ताण आला, घरात वाद झाला की पोटात कळ येऊन जावे लागत असेल आणि नाडी तारेसारखी ताणलेली असेल, तर ‘यकृताचा प्लीहेवर जोर’ हा समुच्चय पुढे येतो. शौचाच्या जागी आग होत असेल, दुर्गंधी असेल आणि जिभेवर पिवळा चिकट थर असेल, तर ‘दमट उष्णता’ मानावी लागते आणि तेथे बळ वाढवणारा उपचार उलट त्रासदायक ठरू शकतो.

या उदाहरणात थकव्याने काहीच ठरवले नाही, कारण तो बहुतेक समुच्चयांत येतो. शौचाच्या वेळेने मात्र बरेच ठरवले. म्हणून सॉफ्टवेअर पाहताना त्यात किती लक्षणे आहेत हे मोजण्यापेक्षा ते भेद करणाऱ्या लक्षणांना वेगळे वजन देते का, हे पाहावे. आणखी एक गोष्ट अवश्य तपासावी: ‘नाही’ हे उत्तर आणि ‘विचारलेच नाही’ ही स्थिती ते वेगळी ठेवते का? पहाटेच्या शौचाविषयी विचारलेच नसताना रिकामी चौकट ‘नाही’ म्हणून धरली गेली, तर खरा समुच्चय यादीतून गुपचूप बाहेर पडतो. हा दोष किरकोळ वाटतो, पण आमच्या मते निष्कर्ष बिघडण्याचे सर्वांत मोठे कारण तोच आहे.

या गृहस्थांच्या शौचात रक्त पडत असेल, वजन उतरत असेल किंवा ताप येत असेल, तर समुच्चयाचा विचार बाजूला ठेवून त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवावे.

गोव्याच्या हवेचा निष्कर्षावर परिणाम होतो का?

होतो, आणि याचा विचार फार कमी झाला आहे. ‘दमटपणा’ ओळखण्यासाठी बहुतेक प्रश्नावल्यांत अंग जड वाटते का, दमट हवेत त्रास वाढतो का, असे प्रश्न असतात. जुलै महिन्यात, कपडे चार दिवस वाळत नाहीत अशा हवेत, डिचोलीच्या किंवा सत्तरीच्या कोणाही माणसाला हे विचारले तर तो होच म्हणेल. ज्या प्रश्नाला सगळेच होकार देतात, तो प्रश्न कोणालाही कोणापासून वेगळा करत नाही. सॉफ्टवेअर मात्र प्रत्येक होकाराचे गुण देत राहते आणि पावसाळाभर सर्वांच्या अहवालात दमटपणा उमटतो. यावर उपाय म्हणजे तुलना विचारणे: घरातील इतरांपेक्षा, किंवा मागच्या पावसाळ्यापेक्षा, जास्त जड वाटते का? त्याबरोबर जिभेवरील चिकट थरासारख्या डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेला जास्त महत्त्व द्यावे.

थंडी व उष्णतेच्या प्रश्नांचेही तसेच आहे. ‘तुम्हाला थंडी सोसत नाही का?’ या प्रश्नाला काणकोणच्या शेतकऱ्याकडून नेमके उत्तर मिळणे अवघड आहे. मे महिन्यात रात्री पंखा बंद करून पांघरूण घेता का, घरातील सगळे फ्रिजचे पाणी पीत असताना तुम्ही कोमट मागता का, सकाळची पेज गरम असली तरच पोटाला बरे वाटते का, असे वागण्याचे प्रश्न विचारले की उत्तर खरे येते. प्रश्नांचे शब्द बदलण्याची मुभा देणारे सॉफ्टवेअर म्हणूनच निवडावे.

जिभेचा फोटो काढून निदान होते म्हणतात. ते विश्वासार्ह आहे का?

जिभेचा रंग, आकार, भेगा, थराचा रंग व जाडी ही चिनी वैद्यकातील महत्त्वाची माहिती आहे आणि प्रतिमा ओळखणाऱ्या प्रणाली दातांचे ठसे, भेगा यांसारख्या आकाराच्या खुणा बऱ्यापैकी टिपतात. रंगाचे काम कठीण आहे. मोबाइलचा कॅमेरा उजेडानुसार रंग स्वतःच बदलतो; ट्यूबलाइटखाली फिकट दिसणारी जीभ पिवळ्या बल्बखाली लालसर दिसते. संशोधनासाठी वापरल्या जाणाऱ्या यंत्रांत ठरावीक प्रकाश आणि रंगांची पट्टी असते, साध्या अॅपमध्ये ती सहसा नसते.

याखेरीज आपल्याकडच्या काही सवयी ध्यानात घ्याव्या लागतात. आपण सकाळी जीभ घासून स्वच्छ करतो, त्यामुळे ज्या थरावर निम्मे विवेचन अवलंबून आहे तो थरच निघून जातो. विडा खाल्लेला असेल, सोलकढी प्यायलेली असेल, काळी कॉफी झाली असेल, तर रंग फसवा येतो. म्हणून तपासणीच्या दिवशी जीभ घासू नये, आधी तासभर रंगीत काही खाऊ-पिऊ नये, खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात फोटो घ्यावा आणि जीभ जोर लावून फार वेळ बाहेर ताणू नये, कारण ताणलेली जीभ काळपट-निळसर दिसू लागते. फोटोवरून आलेला निष्कर्ष वैद्याने स्वतःच्या डोळ्यांनी पडताळावा.

नाडीचे काय?

मनगटावर दाब मोजणारी यंत्रे आहेत आणि ती नाडीची गती, लय, जोर यांची चांगली नोंद करतात. परंतु चिनी परंपरेत प्रत्येक मनगटावर तीन जागी, वेगवेगळ्या खोलीवर नाडी पाहतात, आणि ली शिझेन यांनी सोळाव्या शतकात तिचे 27 प्रकार वर्णिले आहेत. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये वैद्यालाच बोटांनी नाडी पाहून प्रकार निवडावा लागतो. ज्याची बोटे अजून तयार झालेली नाहीत, त्याने तेथे अंदाजाने काही निवडण्याऐवजी जागा रिकामी ठेवावी.

अहवालात ‘87 टक्के’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ काय?

बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच असतो की सॉफ्टवेअरला माहीत असलेल्या समुच्चयांपैकी या समुच्चयाला जुळणीचे गुण सर्वांत जास्त मिळाले. रुग्णाला तो समुच्चय असण्याची शक्यता 87 टक्के आहे, असे ते विधान नसते. यादीतील एकही समुच्चय लागू नसला तरी टक्क्यांची वाटणी होतेच. आकड्याशेजारी तो कोणत्या लक्षणांमुळे आला आणि कोणती लक्षणे त्याच्या विरोधात गेली हे दिलेले नसेल, तर त्या आकड्यावर उपचार ठरवू नये.

दोन वैद्यांचेच एकमत होत नाही, मग सॉफ्टवेअर बरोबर आहे हे कशावरून ठरवायचे?

हा या विषयातील सर्वांत कठीण प्रश्न आहे. अमेरिकेत संधिवाताच्या रुग्णांवर झालेल्या आणि 2004 व 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत तीन चिनी वैद्यांनी तेच रुग्ण स्वतंत्रपणे तपासले, तेव्हा समुच्चयाबाबत त्यांचे एकमत सरासरीने एक तृतीयांश रुग्णांपुरतेही झाले नाही. वैद्यांमध्येच इतका फरक असेल, तर ‘आमचे सॉफ्टवेअर तज्ज्ञांशी 95 टक्के जुळते’ या दाव्यावर पहिला प्रश्न ‘कोणत्या तज्ज्ञांशी?’ हाच असायला हवा.

व्याख्या एकसारख्या करण्याचे प्रयत्न मात्र गंभीरपणे चालू आहेत. चीनने समुच्चयांच्या संज्ञांचे राष्ट्रीय मानक 1997 मध्ये काढले आणि 2021 मध्ये सुधारले. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती 2019 मध्ये मंजूर होऊन 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. तिच्या 26 व्या प्रकरणात चीन, जपान व कोरिया येथील पारंपरिक वैद्यकाचे विकार आणि समुच्चय संकेतांकांसह दिले आहेत. हे संकेतांक नोंदी ठेवण्यासाठी आहेत; उपचार परिणामकारक असल्याचा तो दाखला नाही. तरीही सॉफ्टवेअर या संज्ञा वापरत असेल तर दोन ठिकाणच्या नोंदी निदान शेजारी ठेवून पाहता येतात, आणि हे काम व्हायलाच हवे असे आम्हाला मनापासून वाटते.

आयुर्वेदाच्या वैद्यांना याचा उपयोग आहे का? वात-पित्त-कफ त्यात बसवता येतील का?

पेडणे तालुक्यातील धारगळ येथे डिसेंबर 2022 मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेचे केंद्र सुरू झाल्यापासून हा प्रश्न जास्त विचारला जातो. दोन्ही शास्त्रांत नाडी आणि जीभ पाहतात, दोन्हींत शीत-उष्णाचा विचार आहे, म्हणून दमटपणा म्हणजे कफ आणि उष्णता म्हणजे पित्त असे समीकरण मांडण्याचा मोह होतो. तो टाळावा. ‘यकृत-ची अडली’ या समुच्चयाला आयुर्वेदात एका शब्दाचा जोड नाही, आणि आमाची, म्हणजे न पचलेल्या अन्नरसाची, कल्पना चिनी मांडणीत जशीच्या तशी बसत नाही. आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या संज्ञांसाठी आयुष मंत्रालयाचे नमस्ते पोर्टल आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर उल्लेखलेल्या रोगवर्गीकरणात या पद्धतींसाठी दुसरा स्वतंत्र भागही तयार झाला असून त्याचा आरंभ जानेवारी 2024 मध्ये दिल्लीत झाला. आयुर्वेदाच्या वैद्यांनी चिनी सॉफ्टवेअरमधून घ्यावी ती रीत: पूर्ण प्रश्न विचारणे, नकारही नोंदवणे आणि निष्कर्षाची कारणे लिहून ठेवणे.

वनस्पतींची देवाणघेवाण मात्र या भूमीत जुनी आहे. 1563 मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथात चोपचिनीवर, म्हणजे चीनहून येणाऱ्या त्या प्रसिद्ध मुळीवर, स्वतंत्र संवाद आहे.

अॅपने सांगितलेले चिनी औषध ऑनलाइन मागवून घेतले तर चालेल का?

कृपया घेऊ नका. समुच्चय न पाहता केवळ रोगाच्या नावावर औषध दिल्याने काय होते, याचे जपानमधील उदाहरण गंभीर आहे. चिनी परंपरेत श्याओ चाय हू तांग आणि जपानमध्ये शो-साइको-तो या नावाने ओळखला जाणारा काढा तेथे 1990 च्या दशकात जुनाट यकृतदाहासाठी सर्रास दिला जात होता. त्यातून काही रुग्णांना फुफ्फुसांचा गंभीर दाह झाला, मृत्यूही झाले. यकृतदाहावरील इंटरफेरॉन या औषधासोबत तो देण्यास मनाई करावी लागली आणि 1996 मध्ये तेथील आरोग्य मंत्रालयाने तातडीची सूचना काढली. ‘वनस्पतीचे आहे, अपाय होणार नाही’ ही समजूत येथे कामाची नाही.

हाच काढा ज्या समुच्चयासाठी सांगितला आहे, त्याची मुख्य खूण आळीपाळीने थंडी व ताप येणे ही आहे. हिवतापातही तेच होते. म्हणजे मलेरियाच्या रुग्णाने अॅपमध्ये आपली लक्षणे प्रामाणिकपणे भरली तर त्याला हाच समुच्चय, ज्याला शाओयांग म्हणतात, सांगितला जाईल, सॉफ्टवेअर आपल्या चौकटीत चुकलेलेही नसेल, आणि रुग्णाचे रक्त तपासायचे राहून जाईल. गोव्यात पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू, लेप्टो आणि काजूच्या हंगामात सत्तरीच्या रानालगत माकडताप या शक्यता असतात. ताप असेल तर आधी आरोग्य केंद्रात रक्त तपासावे. छातीत दुखणे, एकाएकी बोलणे अडखळणे, श्वास लागणे अशा वेळी कोणतेही अॅप न उघडता रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करावा.

चॅटबॉटला लक्षणे सांगितली तर तो समुच्चय सांगतो. ते चालेल का?

अभ्यासासाठी चालेल. तो दोन समुच्चयांतील फरक सोप्या भाषेत समजावतो. परंतु तीच लक्षणे क्रम बदलून सांगितली तर त्याचे उत्तर बदलू शकते, आणि न सांगितलेली नाडीसुद्धा तो कधीकधी स्वतःच जोडून देतो. रुग्णावर उपचार ठरवताना त्याचा आधार घेऊ नये.

भारतात या पद्धतीचे स्थान काय आहे?

1938 मध्ये चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातील सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस सर्वांना माहीत आहेत. त्याच पथकातील डॉ. बिजय कुमार बसू यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीस चीनमध्ये अॅक्युपंक्चर शिकून ते भारतात आणले. केंद्र सरकारने अॅक्युपंक्चरला 2003 मध्ये उपचाराची एक रीत म्हणून आणि 2019 मध्ये स्वतंत्र पद्धती म्हणून मान्यता दिली. चिनी औषधी मात्र आयुषच्या पद्धतींत येत नाहीत. त्यामुळे आपल्याकडे असे सॉफ्टवेअर वापरायचे ते अॅक्युपंक्चरचे बिंदू निवडताना विचाराला शिस्त लावण्यासाठी. औषधांच्या शिफारशीचा भाग बंद करता येत असेल तर तो बंदच ठेवावा.

रुग्णांच्या नोंदींची काळजी कशी घ्यावी?

या प्रश्नावल्यांत मासिक पाळी, झोप, लैंगिक आरोग्य, मनःस्थिती असे खाजगी तपशील असतात, आणि आपल्या गावांत नाव न लिहिताही वाडा व वय यांवरून माणूस ओळखता येतो. संमती लेखी घ्यावी, नोंदी कोणत्या सर्व्हरवर जातात हे विचारावे आणि जिभेचे फोटो व्हॉट्सअॅपच्या गटात कधीही टाकू नयेत.

एकदा समुच्चय ठरल्यावर पुन्हा केव्हा तपासावे?

समुच्चय बदलत असतो. सर्दी-तापात तो दोन-तीन दिवसांत बाहेरून आत सरकू शकतो, जुनाट विकारात उपचाराने किंवा ऋतूने बदलतो. म्हणून प्रत्येक भेटीत प्रश्नावली नव्याने भरावी, मागची उत्तरे समोर ठेवू नयेत, आणि जिभेचा फोटो शक्यतो त्याच खिडकीपाशी त्याच वेळी घ्यावा. दोन्ही नोंदी शेजारी ठेवल्यावर कोणते लक्षण गेले, कोणते नवे आले आणि त्यामुळे क्रम कसा बदलला हे दिसायला हवे. जुन्या नोंदीवरच नवी लिहिणारे सॉफ्टवेअर दीर्घकालीन रुग्णांसाठी घेऊ नये.